रात्री भिजवलेले बी आणि रब्बीची पेरणी

पोळा झाला, की या सदराकडे रब्बीच्या पेरणीविषयी पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांतली निम्म्याहून अधिक पत्रे एकाच गोष्टीविषयी आहेत: पेरणीआधी बी पाण्यात भिजवावे की नाही? म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून एवढ्याच विषयाची पत्रे घेतली आहेत. मंगळवेढ्याकडचे पत्र सर्वांत सविस्तर असल्याने त्याचे उत्तरही तसेच दिले आहे. बाकीच्या वाचकांनी ते आधी वाचावे, कारण पुढच्या उत्तरांत तेच पुन्हा सांगितलेले नाही.

प्रश्न: आमची सहा एकर मध्यम ते भारी काळी जमीन असून तीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी ज्वारी घेतो. पेरणी सप्टेंबरच्या अखेरीस होते. गेली दोन वर्षे पेरणीनंतर पाऊस आला नाही, वरचा थर वाळला आणि उगवण विरळ होऊन जागोजागी नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, पडले. बी रात्रभर भिजवून पेरले तर दीडपट उत्पन्न येते, असे गावात काहीजण सांगतात. यात तथ्य किती? किती वेळ भिजवावे? नुकसान होण्याचा धोका आहे का? (एक शेतकरी, मंगळवेढा तालुका)

उत्तर: आपल्या जमिनीत आणि आपल्या अडचणीत बी भिजवून पेरणे निश्चित उपयोगाचे आहे. साध्या पाण्यात आठ तास, म्हणजे रात्री भिजत घालून पहाटे काढणे, एवढे पुरे. दीडपट उत्पन्नाचा हिशेब मात्र मनात धरू नये. बी भिजवल्याने जमिनीला काहीही मिळत नाही, पिकाला अन्न मिळत नाही आणि पुढे पाण्याचा ताण पडल्यास तोही टळत नाही. मिळतो तो वेळ, साधारण एका दिवसाचा, आणि कोरडवाहू रब्बीत पेरणीनंतरच्या आठवड्यात त्या एका दिवसाला फार मोल असते.

ते का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरच कधी भिजवावे आणि कधी भिजवू नये हे ठरते. सप्टेंबरअखेर आपल्या काळ्या रानात खाली भरपूर ओल असते, पण वरून ऊन तापत असते आणि वाराही कोरडा होऊ लागलेला असतो. पाभरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, पाच सेंटिमीटरवर टाकलेला दाणा ज्या थरात पडतो, तो थर रोज थोडा थोडा वाळत जातो. कोरड्या दाण्याला आधी त्या थरातून पाणी शोषून घ्यावे लागते, आणि मातीच्या कणांनी धरून ठेवलेले पाणी शोषायला बादलीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. दाणा फुगेपर्यंत, मूळ फुटेपर्यंत आणि ते खालच्या ओलीला पोहोचेपर्यंत वरची ओल टिकली, तर रोप उभे राहते. ती आधीच उडाली, तर दाणा अर्धवट फुगून तिथेच बसतो आणि बुरशीच्या किंवा मुंग्यांच्या तावडीत सापडतो. आपल्या शेतातले नांगे बहुतेक अशाच दाण्यांचे आहेत. सावकाश होणारे पहिले काम घरी, बादलीत, एका रात्रीत उरकून घेतले, तर शेतात पडताच दाणा दुसऱ्या कामाला लागतो.

बी पाणी पिते ते तीन टप्प्यांत. पहिल्या काही तासांत ते झपाट्याने पाणी ओढते. हे तर मेलेले बीही करते, कारण तो केवळ कोरड्या वस्तूचा गुण आहे. त्यानंतर पाणी घेणे जवळजवळ थांबते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात दाण्याच्या आत सर्वांत महत्त्वाची कामे याच काळात होतात. अंकुराकडून निघालेल्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर दाण्याच्या सालीखालचा पातळ थर विकरे तयार करू लागतो, ती विकरे पिठाची साखर करतात आणि साठवणीत झिजलेल्या पेशींची डागडुजी होते. तिसऱ्या टप्प्यात मूळ साल फोडून बाहेर येते आणि पुन्हा जोराने पाणी ओढले जाऊ लागते. आपल्याला बी दुसऱ्या टप्प्यात आणून ठेवायचे आहे, तिसऱ्यात जाऊ द्यायचे नाही. दुसऱ्या टप्प्यातले बी बाहेर काढून सुकवले, तर ते पुन्हा स्वस्थ बसू शकते. एकदा मूळ बाहेर आले, की मागे जाण्याची वाट बंद होते आणि त्याला ओल मिळाली नाही तर ते मरते.

हे डोळ्यांनी पाहता येते. रात्री दहाला भिजत घातलेले मालदांडीचे दहा दाणे सकाळी सहाला हातात घ्यावेत. दाणा टपोरा झालेला असतो, त्याची मोत्यासारखी चमक जाऊन तो फिकट, दुधी दिसतो. देठाकडच्या बाजूला असलेला अंकुराचा लांबट खळगा कोरड्या दाण्यात दबलेला असतो, तो आता वर उचलून आलेला असतो. नखाने दाबले तर साल किंचित दबते. मात्र त्या जागी पांढरे टोक दिसता कामा नये. टोक दिसले, तर वेळ जास्त झाला.

बी न उगवता जास्तीत जास्त किती वेळ भिजू शकते, या मर्यादेला या विषयाचे अभ्यासक सुरक्षित मर्यादा म्हणतात, आणि ती पिकापिकाला वेगळी आहे. ज्वारी व बाजरीसाठी आठ तास धरावेत. दहाच्या पुढे जाऊ नये. गव्हाला बारा तास चालतात. मका आणि भात यांची साल व दाणा असा आहे, की त्यांना रात्रभर ते सोळा-अठरा तासही लागतात, पण चोवीस तासांच्या पुढे त्यांनाही ठेवू नये. पाणी फार गार असेल तर दाणा सावकाश पितो, उबदार असेल तर लवकर; म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्याळापेक्षा दाण्याकडे पाहणे अधिक बरे.

आता कृती. एकरी चार किलो बी लागते, म्हणजे दिवसभरात जेवढी पेरणी होणार असेल तेवढेच बी भिजवायचे. सहा एकरांचे बी एकदम भिजवून ठेवायचे नाही. स्वच्छ बादलीत किंवा घमेल्यात बी घेऊन त्यावर चार बोटे पाणी राहील इतके विहिरीचे गोडे पाणी ओतावे. मचूळ पाणी वापरू नये. हाताने ढवळल्यावर जे पोचट दाणे, काडीकचरा वर तरंगतो तो काढून टाकावा. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असला तरी यासाठी घेऊ नये. पहाटे पाणी निथळून बी सावलीत गोणपाटावर पातळ पसरावे आणि तास-दोन तास वारा लागू द्यावा. दाणा आतून ओला आणि बाहेरून कोरडा हवा. याची परीक्षा सोपी आहे: मूठभर बी दाबून मूठ उघडावी, दाणे एकमेकांना न चिकटता बोटांतून सुटे ओघळले, तर ते चाड्यातून, म्हणजे पाभरीच्या नरसाळ्यातून, नीट उतरतील. तळव्याला ओल लागली, तर अजून अर्धा तास पसरू द्यावे. काणी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची तीनशे मेशची भुकटी किलोला ४ ग्रॅम, खोडमाशीसाठी शिफारशीचे कीटकनाशक आणि शेवटी अॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू संवर्धन किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम, हे सर्व याच वेळी, याच क्रमाने चोळायचे. आधी औषध लावून मग भिजवले, तर औषध पाण्याबरोबर जाते. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती महागात पडते, कारण शेतकऱ्याची समजूत असते की बीजप्रक्रिया झाली आहे, आणि काणी मात्र तशीच येते.

फुगलेला दाणा आकाराने मोठा असतो, हे पेरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. चाड्यावर मूठ सोडणारी बाई हाताच्या अंदाजाने पेरते. तीच मूठ, तोच वेग ठेवला तर दाणे कमी पडतात. तिला आधी सांगून ठेवावे. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात तर चकतीची भोके अडतात, म्हणून पहिल्या तासाला दहा पावले यंत्र चालवून, उतरून, दाणे किती आणि कसे पडले ते माती उकरून पाहावे.

ही रीत आपल्याकडच्या शेतकऱ्यांना अगदी नवी नाही, पण तिची शिस्तशीर पारख झाली ती गेल्या तीसेक वर्षांत. वेल्समधील बँगॉर विद्यापीठातील डेव्हिड हॅरिस यांनी आधी आफ्रिकेतील बोट्स्वानाच्या कोरडवाहू भागात ज्वारीवर काम केले. तेथेही अडचण आपल्यासारखीच होती: तापलेली जमीन, भरभर वाळणारा वरचा थर आणि विरळ उगवण. नंतर १९९० च्या दशकात राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील आदिवासी पट्ट्यात मका, भात आणि हरभरा यांवर हीच पद्धत शेतकऱ्यांच्या हाती देण्यात आली, आणि त्या प्रयोगांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, की पारख शेतकऱ्यांनीच केली. त्यांनी स्वतःच्या रानात एक तुकडा भिजवलेल्या बियांचा आणि शेजारी एक तुकडा कोरड्या बियांचा पेरला आणि आपल्या शब्दांत निकाल सांगितला: उगवण लवकर होते, एकसारखी होते, रोप जोमदार दिसते, फुलोरा व काढणी काही दिवस अलीकडे येते. गव्हासाठी पुढे भारत, नेपाळ आणि पाकिस्तानातही शेतकऱ्यांबरोबरच असे प्रयोग झाले. उत्पन्नाचा फायदा मात्र सगळीकडे सारखा नव्हता. जिथे उगवणीलाच अडचण होती तिथे तो चांगला दिसला, जिथे ओल मुबलक होती तिथे थोडा किंवा नाममात्र.

आपल्या शेताचा हिशेब मांडून पाहा. हेक्टरी १० किलो बियाण्यात ढोबळमानाने तीन लाख दाणे असतात. ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे हवीत. म्हणजे निम्मे दाणे उगवले आणि ते सगळीकडे सारखे उगवले, तरी रान भरते. त्याहून जास्त उगवले तर विरळणीत उपटून टाकावेच लागतात. ज्या वर्षी पेरणीनंतर चार दिवसांत एखादी सर येते, त्या वर्षी कोरडे बीसुद्धा विरळणी करावी लागेल इतके उगवेल आणि भिजवल्याचा फरक फारसा दिसणार नाही. आपली गेली दोन वर्षे तशी नव्हती. अशा वर्षी भिजवलेल्या बियांनी पाव रान नांग्यांतून वाचवले, तरी ते पाव रानाचे धान्य आणि तेवढाच कडबा आहे, आणि त्यासाठी खर्च आला आहे तो एका बादली पाण्याचा. नांगे भरायला नंतर टाकलेले बी मुख्य पिकाच्या मागे राहते, खोडमाशीला कोवळे सापडते आणि बहुधा पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मरून जाते, हे आपण पाहिले असेलच.

एक अट मात्र मोडू नये. ओल हाताला लागत नसेल, तर भिजवलेले बी पेरू नये. मूठभर माती पाच-सहा सेंटिमीटर खालून काढून दाबावी; गोळा होत असेल तर पेरावे. पाऊस येईल या आशेवर धूळपेरणी करायची असेल, तर बी कोरडेच असले पाहिजे, कारण कोरडे बी वाट पाहू शकते.

प्रश्न: गेल्या वर्षी मी ज्वारीचे बी भिजवून पेरले आणि उगवण शेजाऱ्यांपेक्षाही वाईट झाली. बी भिजत घातले आणि त्याच रात्री पाऊस झाला, रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, नव्हता म्हणून पेरणी दीड दिवस लांबली. बी तसेच ओले ठेवले होते, त्याला बारीक मोड आले होते. मोड आलेले बी तर लवकर उगवायला हवे ना? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर: आपल्या हातून जे झाले, तेच माझ्याही हातून झाले आहे, म्हणून मी हे थोडे विस्ताराने सांगतो. आमच्या घरच्या रानात पहिल्यांदा बी भिजवले तेव्हा असाच पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मोड आलेले बी आम्ही आनंदाने तिफणीवर नेले. चाड्यातून नळ्यात आणि नळ्यातून फणाच्या मागे पडताना त्या मोडांचे काय होते ते मला तिसऱ्या दिवशी तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बोटाने माती उकरल्यावर कळले. दाणे होते, मोडही होते, पण बहुतेकांची टोके तुटून काळी पडली होती. मूळ एक-दोन मिलिमीटरचे असते तेव्हा ते इतके नाजूक असते, की दाण्यांच्या आपसातल्या घासण्यानेही तुटते. जे तुटले नाही, त्याला मातीत पडताच सतत ओल लागते, आणि नुकत्याच बसलेल्या, ढेकळांच्या पोकळ्या असलेल्या रानात ती प्रत्येक दाण्याला मिळत नाही.

अशा वेळी करायचे ते एवढेच: आठ तास झाले की पेरणी होवो वा न होवो, बी पाण्याबाहेर काढायचेच. पाऊस लागून राहिला असेल, तर ते घरात सावलीला, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून पूर्ण सुकवावे, दिवसातून दोन-तीनदा हाताने खालीवर करावे. ओले बी गोणीत भरून ठेवले, तर ते आतून तापते आणि मोड येतातच. मर्यादेत भिजवून सुकवलेले बी चार-पाच दिवसांनी वापसा आल्यावर पेरता येते आणि त्याचा पुष्कळसा फायदा टिकलेला असतो. पुढच्या हंगामासाठी मात्र ते राखून ठेवू नये, अशा बियांची उगवणक्षमता साठवणीत लवकर घटते.

प्रश्न: बाजारातल्या पिशवीतले संकरित बी लाल किंवा हिरव्या रंगाचे असते. ते भिजवावे का? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर: भिजवू नये. तो रंग बियांना लावलेल्या बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा इशारा असतो. भिजवल्यावर औषध पाण्यात उतरते. बी उघडे पडते ते वेगळेच, पण ते पाणी जनावराच्या किंवा कोंबडीच्या तोंडी गेले तर त्याहून मोठे संकट ओढवते. घरचे राखलेले किंवा औषध न लावलेले सुधारित वाणाचे बी असेल, तरच ही पद्धत वापरावी.

प्रश्न: आमच्याकडे बाजरीचे बी मिठाच्या पाण्यात आणि भाताचेही मिठाच्या पाण्यात बुडवतात. मग आधीच भिजवणे झाले, असे समजायचे का? आणि कोकणात मोड आणून भात पेरतात ते कसे चालते? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर: मिठाचे पाणी हे भिजवण्यासाठी नसून निवडण्यासाठी आहे. बाजरीसाठी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ, म्हणजे वीस टक्क्यांचे द्रावण करतात. अरगट रोगाच्या काळ्या गाठी आणि हलके दाणे दाण्यापेक्षा कमी वजनाचे असल्याने वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. साध्या पाण्यात त्यातल्या बऱ्याच गाठी तळाला जातील. भातासाठी दहा लिटरला तीनशे ग्रॅम, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण पुरते, कारण तिथे फक्त पोचट भात वेगळा करायचा असतो. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. बी त्याहून जास्त वेळ मिठात राहू देऊ नये आणि नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे, नाहीतर सालीवर राहिलेले मीठ उगवण मारते. त्यानंतर तेच धुतलेले बी आपण साध्या पाण्यात मर्यादेइतके भिजवू शकता. बाजरीच्या बाबतीत मी तर ही दोन्ही कामे एकाच संध्याकाळी करण्याचा आग्रह धरीन, कारण हलक्या, मुरमाड रानात जूनची पहिली ओल दोन दिवसही टिकत नाही.

कोकणातील रहू पद्धत ही वेगळी गोष्ट आहे. तिथे भात दिवसभर भिजवून, मग ओल्या गोणपाटात दडपून उबेला ठेवतात आणि दीड-दोन दिवसांत मोड आले, की चिखलणी केलेल्या रानात फोकतात. दाढ, रोपे, लावणी हा सगळा खटाटोप त्यामुळे वाचतो. मोड आलेला भात तिथे जगतो, कारण तो चिखलावर हाताने अलगद पडतो, चाड्यातून जात नाही, आणि चिखलात ओल तुटत नाही. सोलापूर-परभणीच्या ज्वारीला मोड चालत नाहीत आणि रत्नागिरी-रायगडच्या भाताला चालतात, यात विसंगती काहीच नाही. मूळ बाहेर आल्यावर ओल तुटणार की नाही, एवढाच प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि त्याची उत्तरे वेगळी आहेत.

प्रश्न: ऊस तुटायला वेळ लागतो आणि गहू पेरायला डिसेंबर उजाडतो. गव्हाचे बी भिजवल्याने उशीर भरून निघेल का? माझे आजोबा गहू भिजवून कडक उन्हात वाळवत, ते कशासाठी असावे? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर: उशीर भरून निघणार नाही, थोडा कमी होईल. डिसेंबरच्या थंडीत कोरडा गहू उगवायला नोव्हेंबरपेक्षा अधिक दिवस घेतो. बारा तास भिजवलेला गहू त्यातले एक-दोन दिवस वाचवतो. शेवटी दाणा भरण्याच्या वेळी मार्चचे ऊन लागते, त्याच्या आधी मिळालेला प्रत्येक दिवस कामाचा असतो. पण उशिराच्या पेऱ्याला फुटवे कमी येतात, म्हणून बियाणे हेक्टरी १०० किलोऐवजी १२५ किलो वापरण्याची जी शिफारस आहे, ती बी भिजवले तरी पाळावीच. गव्हाला पेरून लगेच पाणी देणार असाल, तर भिजवण्याचा लाभ आणखी कमी होतो. एवढे ओले बी सुकवून पेरण्याजोगे करायलाही जागा आणि माणसे लागतात. चार एकरांचा गहू असेल, तर आधी एका एकरावर करून पाहावे असे मी सुचवीन.

आपल्या आजोबांची रीत उगवणीसाठी नव्हती, ती काजळीसाठी होती. गव्हाच्या काजळीचा रोग बियांच्या पोटात, अंकुरात लपलेला असतो, त्यामुळे वरून भुकटी चोळून तो जात नसे. अविभाजित पंजाबात लुथरा आणि सत्तार या संशोधकांनी १९३४ मध्ये त्यावर उन्हाचा उपाय मांडला: मे-जूनच्या कडक दिवशी सकाळी चार तास बी पाण्यात भिजवायचे, म्हणजे आतली बुरशी जागी होते, आणि मग दुपारच्या उन्हात पातळ पसरून वाळवायचे, म्हणजे जागी झालेली बुरशी उष्णतेने मरते. झोपलेली बुरशी तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. आज आंतरप्रवाही बुरशीनाशके मिळतात म्हणून ही रीत मागे पडली, पण ती अडाणीपणाची नव्हती, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

प्रश्न: सोयाबीनचे बी भिजवले तर? (एक वाचक, वाशीम जिल्हा)

उत्तर: सोयाबीन भिजवू नये. त्याची साल पातळ असते, पाणी एकदम आत घुसते, डाळिंब्यांच्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर झिरपतो आणि बी कुजते. कोरडे सोयाबीनसुद्धा गोणी आपटल्याने उगवणक्षमता गमावते. ओल्याची गोष्टच नको. हरभरा मात्र चार ते आठ तास भिजवून पेरता येतो.

प्रश्न: साध्या पाण्याऐवजी बीजामृतात किंवा झिंक सल्फेटच्या पाण्यात बी भिजवले, तर दुहेरी फायदा होईल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: बीजामृत हे बियांना चोळण्यासाठी आहे. त्यात शेण, गोमूत्र आणि चुना असतो, आणि अशा द्रावणात दाणा रात्रभर बुडवून ठेवण्याचे मी सुचवणार नाही. साध्या पाण्यात भिजवून, निथळून, मग त्यावर बीजामृत शिंपडून सावलीत सुकवावे. जस्ताचे म्हणाल, तर जस्त कमी असलेल्या जमिनींत झिंक सल्फेटच्या सौम्य द्रावणात मका व गहू भिजवण्याचे प्रयोग पाकिस्तानात झाले आहेत आणि त्यांतून पिकाला लाभही दिसला आहे. पण मक्याला जे प्रमाण मानवते, त्याच्या अर्ध्याहूनही कमी गव्हाला लागते, आणि प्रमाण चुकले तर उगवणच बसते. माती तपासून जस्ताची कमतरता निघाली असेल, तर ते शेणखताबरोबर जमिनीतून देणे हा आजही अधिक निर्धोक मार्ग आहे. पहिल्या वर्षी तरी साधे पाणीच वापरावे. त्याचा फायदा किती, हे आधी कळू द्यावे.

प्रश्न: फायदा झाला की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे? दरवर्षी पाऊस वेगळा, म्हणून गेल्या वर्षाशी तुलना करता येत नाही. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर: गेल्या वर्षाशी तुलना करूच नये, त्याच रानात, त्याच दिवशी, शेजारच्या तासाशी करावी. एकाच पिशवीतले बी दोन वाटे करून घ्यावे, एक भिजवावा, एक कोरडा ठेवावा, औषध दोन्हींना सारखेच लावावे. रानाच्या मध्यभागी, बांधापासून आणि झाडाच्या सावलीपासून दूर, पाभरीची चार पाती भिजवलेल्या बियांची, मग चार कोरड्या बियांची, पुन्हा चार भिजवलेल्या बियांची अशी पेरावीत. सगळे एका बाजूला भिजवलेले आणि दुसऱ्या बाजूला कोरडे, असे केले तर जमिनीच्या उताराचा फरक बियांच्या नावावर जमा होतो. कोणते तास कशाचे, हे काठ्या रोवून लगेच वहीत लिहावे. आठवणीवर राहू नये.

पेरणीनंतर पाचव्या आणि आठव्या दिवशी प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी दहा-दहा मीटर तास मोजून त्यातली रोपे मोजावीत. एकरी चार किलो पेरले असेल, तर दहा मीटरमध्ये साधारण १३५ दाणे पडलेले असतात आणि विरळणीनंतर ६६ रोपे हवी असतात. पाचव्या दिवशी दोन्ही पट्ट्यांत फरक दिसला, पण आठव्या दिवशी दोन्हीकडे शंभराच्या वर रोपे असतील, तर यंदा ओल चांगली होती आणि बी भिजवण्याने आपल्याला फक्त लवकर उगवण मिळाली. आठव्या दिवशी कोरड्या पट्ट्यात पन्नास आणि भिजवलेल्यात ऐंशी असतील, तर पन्नासाच्या बाजूला नांगे राहणारच, आणि तो फरक खळ्यापर्यंत जातो. काढणीलाही दोन्ही पट्ट्यांतली कणसे वेगळी मळून वजन करावे आणि कडब्याच्या पेंढ्या मोजाव्यात. मोजलेले आकडे, जमिनीचा प्रकार, पेरणीची तारीख आणि पेरणीनंतर पडलेला पाऊस एवढे एका पोस्टकार्डावर लिहून या सदराकडे पाठवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी झाल्यावर आलेले आकडे, चांगले असोत वा निराशेचे, येथे जसेच्या तसे छापले जातील.